मोठ्या भावंडांसाठीचा दीड तासाचा वर्ग

दुसऱ्या बाळंतपणासाठी नाशिकमधील ज्या प्रसूतिगृहात मी नाव नोंदवले होते, तेथे महिन्यातून एका रविवारी सकाळी, लवकरच ताई किंवा दादा होणाऱ्या मुलांसाठी दीड तासाचा वर्ग घेतला जातो. एक मूल आणि आईवडील अशा तिघांचे मिळून शुल्क ५०० रुपये आहे. मी आठव्या महिन्यात असताना, श्रावणात, आमच्या सव्वातीन वर्षांच्या मुलीला घेऊन आम्ही दोघे या वर्गाला गेलो. बाळ आता तीन महिन्यांचे झाले आहे, त्यामुळे तेथे ऐकलेल्यापैकी काय खरोखर उपयोगी पडले आणि कशाची उणीव भासली, हे अनुभवाने सांगता येईल.

नाव नोंदवतानाच मुलीचे तान्हेपणीचे एखादे झबले सोबत आणण्यास सांगितले होते. वर्ग घेणाऱ्या परिचारिका बाई वयाने मोठ्या आणि आवाजाने अतिशय शांत होत्या. त्यांनी सातही मुलांना सतरंजीवर बसवून आपापले झबले अंगाला लावून पाहायला सांगितले. आमच्या मुलीचे झबले तिच्या गळ्यापासून जेमतेम पोटापर्यंत पोहोचले. तिने ते दोन-तीनदा उलटसुलट करून पाहिले आणि माझ्याकडे वळून विचारले, ‘मी यात मावत होते?’ येणाऱ्या बाळाविषयी आम्ही तिला कितीतरी दिवस सांगत होतो, परंतु बाळ म्हणजे केवढे असते, हे तिला त्या क्षणी उमगले.

त्यानंतर प्रत्येकाच्या मांडीवर वाळू भरलेली कापडी बाहुली देण्यात आली. तिचे वजन सुमारे तीन किलो, म्हणजे नवजात बाळाइतकेच होते आणि मान मुद्दाम सैल शिवलेली होती. मुलीने बाहुली दोन्ही हातांनी काखेत धरून उचलताच डोके मागे कलंडले. ‘मान पडली,’ असे ती घाबरून म्हणाली. बाईंनी तिचा तळहात उघडून बाहुलीच्या मानेखाली ठेवला आणि तिच्याही मानेखाली असाच हात धरावा लागत असे, एवढेच सांगितले. टाळू मऊ असते म्हणून डोके दाबायचे नाही, नाळेचा उरलेला तुकडा साधारण एक-दोन आठवड्यांत आपोआप गळतो म्हणून त्याला हात लावायचा नाही, बाळाला स्पर्श करावासा वाटला तर पावलांना करायचा, हे सगळे मुलांनी हाताने करून पाहिले. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटर अंतरावरचेच बरे दिसते, म्हणून त्याच्याशी बोलताना जवळ जाऊन बोलावे, ही सूचना आमच्या मुलीने इतकी मनावर घेतली की पुढे ती पाळण्यात वाकून, नाकाला नाक लागेल इतक्या जवळून भावाशी बोलत असे.

माझ्या दृष्टीने या वर्गाचे खरे मोल मात्र उरलेल्या वेळात होते, कारण तो वेळ मुलांना चित्रे रंगवायला बसवून पालकांसाठी ठेवलेला होता. बाळ आले की तुला खेळायला सोबत मिळेल, असे आम्ही तोवर रोज सांगत होतो. बाईंनी ते तत्काळ थांबवायला सांगितले. पहिले कित्येक महिने बाळ केवळ झोपणार, रडणार आणि दूध पिणार. खेळगड्याची वाट पाहणाऱ्या मुलाची यात फसवणूक होते, आणि फसवणूक आपण केलेली असते. सुरुवातीला बाळ दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा दूध पिते, हा आकडा त्यांनी सांगितला, तेव्हा या मुलीचा किती वेळ आपण घेणार आहोत, याचा हिशेब मी प्रथमच मांडला. दूध पाजायला जेथे बसाल, तेथेच मोठ्या मुलासाठी खेळण्यांची एक टोपली ठेवा आणि ती इतर वेळी काढू नका, हा त्यांचा सल्ला आमच्याकडे आजही रोज उपयोगी पडतो. ‘दोन महिन्यांनी बाळ येईल’ हे तीन वर्षांच्या मुलाला कळत नाही, त्यामुळे काळ ओळखीच्या गोष्टीशी जोडावा, असेही त्यांनी सुचवले. आम्ही ‘गणपती गेले, घट बसले, की मग बाळ’ असे सांगू लागलो आणि रोजचे ‘आज येणार का?’ थांबले.

नातेवाइकांच्या बोलण्याविषयी त्या विशेष कळकळीने बोलल्या. ‘आता तुझे लाड बंद’, ‘आता आईच्या कुशीत दुसरेच कोणी झोपणार’ असे आपण मुलांना सहज चिडवतो आणि ते चेहरा पाडून बसले की हसतो. त्याहून वाईट म्हणजे ‘भाऊ हवा की बहीण?’ हा प्रश्न, आणि लहान मुलाच्या तोंडून निघाले ते खरे होते, या समजुतीने त्याच्या उत्तराकडे लावलेले कान. गर्भलिंगनिदान १९९४ च्या कायद्याने बंद केले. तेच कुतूहल चिमुकल्या मुलांकडून भागवून घेणे कधी थांबणार, असा प्रश्न मलाही त्या दिवसापासून पडतो. माझ्या माहेरी हा प्रश्न मुलीला अनेकदा विचारला गेला होता. बहीण असे उत्तर दिले की मोठ्यांचे चेहरे कसे बदलतात, हे तिला ठाऊक झाले होते, हे मला फार उशिरा समजले.

सात वर्षांच्या एका मुलाने बाळ बाहेर कुठून येते, असे सर्वांसमक्ष विचारले. बाळाला बाहेर यायला आईच्या शरीरात एक वाट असते आणि कधी डॉक्टर पोटावर छेद देऊन त्याला बाहेर काढतात, असे बाईंनी जराही न अवघडता उत्तर दिले. मुलाचे समाधान झाले आणि तो पुन्हा रंगवू लागला.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. दोन वर्षांच्या आणि सात वर्षांच्या मुलांना एकत्र बसवणे योग्य नाही. सर्वांत लहान मूल अर्ध्या तासानंतर रडू लागले आणि त्याच्या आईला बाहेर जावे लागले. शेवटी प्रत्येक मुलीच्या छातीवर ‘मी ताई’ आणि मुलाच्या छातीवर ‘मी दादा’ असा बिल्ला लावला जातो. ‘आता तू मोठी झालीस’ हे वाक्य टाळा, असे पालकांना सांगणाऱ्या वर्गाने तेच ओझे बिल्ल्यातून द्यावे, हे मला पटले नाही. पुढे मुलीने अंथरूण ओले करायला आणि बाटलीने दूध मागायला सुरुवात केली. असे होते आणि रागावले नाही तर सरते, हे वर्गात सांगितले होते म्हणून आम्ही धीर धरला, परंतु त्या दिवसांत तो बिल्ला मी कपाटात ठेवून दिला.

सर्वांत मोठी उणीव सिझेरियननंतर जाणवली. प्रसूतिगृहात मुलगी पहिल्यांदा भेटायला येईल तेव्हा बाळ पाळण्यात असावे आणि आईचे हात मोकळे असावेत, हा सल्ला आम्ही पाळला. ती धावत माझ्याकडे आली आणि बाळाकडे तिचे लक्ष गेले ते नंतर. मात्र घरी आल्यावर ती ‘उचल’ म्हणून हात वर करी आणि टाक्यांमुळे मला तिला उचलता येत नसे, याची तयारी कोणीच करून घेतली नव्हती. शेवटी पलंगाला लागून एक चौरंग ठेवला, त्यावरून ती स्वतः चढून माझ्या कुशीत येऊ लागली. शिवाय बाळंतिणीच्या घरात पहिला सव्वा महिना कारभार आजीच्या हाती असतो. शेक-शेगडी, मालिश, बाळाची आंघोळ आणि ‘आईला त्रास देऊ नकोस’ म्हणून मोठ्या नातवंडाला खोलीबाहेर नेणे, हे सगळे तीच करते. तिला या वर्गात जागा नाही, ही चूक संचालकांनी सुधारावी. माझी आई तेथे आली असती, तर बाराव्या दिवशी बारशाला मुलीला शेजारी पाठवण्याचा आग्रह तिने धरला नसता. मी ऐकले नाही. आत्याने नाव ठेवल्यावर मुलीनेही पाळण्यात वाकून भावाच्या कानात ‘कुर्र’ केले.

ज्यांना जायचे असेल त्यांनी सातव्या-आठव्या महिन्यात जावे आणि आपल्या मुलाच्या वयाची मुले त्या दिवशी आहेत का, हे दूरध्वनी करून विचारून घ्यावे. ज्यांच्या गावात असा वर्ग नाही, त्यांनी तीन किलो तांदूळ पिशवीत घट्ट बांधून दुपट्यात गुंडाळावेत, मुलाला जमिनीवर मांडी घालून बसवावे, ते त्याच्या मांडीवर द्यावेत आणि त्याचे जुने झबले शेजारी ठेवावे.