पीएच.डी. कोणत्या शाखेत: ठाण्याच्या खाडीकाठी तीन वाटा

पर्यावरणशास्त्र किंवा भूगोल घेऊन पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केलेल्या ठाणे-नवी मुंबईच्या विद्यार्थ्यांपुढे पीएच.डी.च्या वेळी खराखुरा पेच उभा राहतो, कारण विज्ञान, सामाजिक शास्त्रे आणि मानव्यविद्या या तिन्ही शाखांतील प्राध्यापकांच्या संशोधनाशी त्यांचा विषय कुठेतरी जोडलेला असतो. ही तुलना बहुधा नोकरीच्या संधींवरून केली जाते. ती रोजच्या कामावरून करावी, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी आपली खाडीच उदाहरणाला घेऊ.

2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेल्या या खाडीकडे जीवशास्त्राचा संशोधक गाळातून पाहतो. भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून होडी काढायची, तळाचा गाळ उचलायचा, तो अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर पाण्याने धुवायचा, वर उरलेले कृमी आणि बारीक शिंपले फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचे आणि मग दिवसच्या दिवस सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ओळखून मोजायचे, असे हे काम असते. पावसाळ्यातली एक फेरी चुकली, तर तो नमुना पुढच्या वर्षीच मिळतो. येथे सोबतीला गट असतो आणि शोधनिबंध संयुक्त नावांनी लवकर निघतात. मात्र विषय बहुधा मार्गदर्शकाच्या प्रकल्पातूनच येतो, आणि प्रकल्पाचा निधी संपला की काम अडते.

सामाजिक शास्त्रांचा अभ्यासक त्याच काठावर माणसांकडे जातो. 1970 मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाल्यानंतर ज्या गावांच्या जमिनी संपादित झाल्या, तेथील आगरी-कोळी कुटुंबांची मासेमारी, संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के योजनेतून मिळणारे भूखंड, गावठाणांतील वाढीव बांधकामे हे सारे त्याचे विषय होतात. तासाभराची मुलाखत शब्दशः उतरवायला चार-पाच तास सहज लागतात आणि बोली कानात बसलेली नसेल तर त्याहून अधिक. दिवाळे किंवा सारसोळ्यासारख्या नवी मुंबईतल्या गावांत नात्यागोत्याने वावरणाऱ्या विद्यार्थ्याला येथे मोठी अनुकूलता आहे, पण आपल्याच माणसांबद्दल अप्रिय निष्कर्ष लिहिण्याची तयारीही त्याला ठेवावी लागते.

इतिहासाकडे वळणाऱ्यांना ‘यात काय, नुसते वाचायचे’ असे सांगितले जाते, ते साफ चुकीचे आहे. 1737 मध्ये ठाण्याचा किल्ला पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे आला आणि 1774 मध्ये इंग्रजांनी तो घेतला. त्यामुळे या खाडीची कागदपत्रे किमान तीन भाषांत विखुरली आहेत. मोडीचा कागद हाती घेतला की आधी आडवी रेघ दिसते आणि तिच्याखाली लेखणी फारशी न उचलता लिहिलेली अक्षरे एकमेकांत गुंतलेली असतात. शब्द कोठे संपला हे अर्थ लागल्यावरच कळते. पहिले वर्ष लिपी आणि भाषा शिकण्यातच जाते. काम एकट्याचे, प्रकाशन उशिराचे, तरीही विषय सर्वस्वी आपला राहतो. 1893 पासून चालू असलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयापासून सुरुवात करता येते, हे भाग्यच.

पैशांचा प्रश्न वाटतो तितका शाखेवर अवलंबून नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती 2023 पासून विज्ञान आणि मानव्यविद्या दोन्हींना दरमहा 37,000 रुपये अशी सारखीच आहे, आणि पीएच.डी.ला किमान 3, कमाल 6 वर्षे हा 2022 चा नियमही सर्वांना एकच आहे. नोकरी सांभाळून अर्धवेळ संशोधन करायचे असेल, तर मात्र प्रयोगशाळेची वाट धरू नये. इतिहास किंवा मुलाखतींवर आधारित विषय शनिवार-रविवारी पुढे सरकतो, चाळणीवरचा गाळ थांबत नाही.

शाखा ठरली तरी मार्गदर्शक ठरवायचा राहतो. नियमाप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 विद्यार्थी घेता येतात. म्हणून अर्जापूर्वी त्यांच्याकडे सध्या किती जागा रिकाम्या आहेत हे विचारावे आणि त्यांच्या दोन विद्यार्थ्यांना भेटून, प्रबंधाचे दिलेले प्रकरण तपासून परत यायला किती आठवडे लागतात, एवढे तरी जाणून घ्यावे.