बार्तोलीच्या गळ्यातून विवाल्डी

इटालियन संगीतकार विवाल्डी म्हटलं की बहुतेकांना ‘चार ऋतू’च आठवतात. त्याचे ऑपेरा बराच काळ तुरीनच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या हस्तलिखितांतच पडून होते. मेझो-सोप्रानो (मधल्या पट्टीच्या स्त्री-आवाजाची) गायिका चेचिलिया बार्तोलीने १९९९ मध्ये डेक्का या रेकॉर्ड कंपनीसाठी ‘द विवाल्डी अल्बम’ केला आणि या ऑपेरांतल्या आरिया, म्हणजे एकल गाणी, घरोघरी पोचवल्या. साथ ‘इल जार्दिनो आर्मोनिको’ या वाद्यवृंदाची.

पहिल्यांदा ‘फार्नाचे’ या ऑपेरातली ‘जेलिदो इन ओन्यी वेना’ ऐका. मुलगा गेला असं समजून बाप गातोय, नसानसांत रक्त गोठतंय. खाली ‘चार ऋतू’तल्या ‘हिवाळा’ कॉन्चेर्तोच्या (एकल वाद्य आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेच्या) सुरुवातीचेच थरथरते स्वर आहेत. दहा मिनिटांहून मोठी ही आरिया बार्तोली जवळजवळ कुजबुजत सुरू करते. व्हायब्रातो (स्वराचं कंपन) इतका कमी, की तंतुवाद्यांचे कर्कश, टोचरे स्वर तिच्या आवाजाला थेट भिडतात. पहिला भाग परत येतो तेव्हा ती नव्या जागा घेते, पण शब्द कुठेही तुटत नाही. अप्रतिम!

वेगवान आरियांत मात्र खटकतं. द्रुत स्वरमालिकांत प्रत्येक स्वरामागे हलकासा ‘ह’ येतो, आपल्याकडे आकाराची तान ‘हाहाहा’ होते तसा. स्वर सुटे, स्पष्ट ऐकू येतात खरे, पण ओळ सलग राहत नाही. गाणं शिकणाऱ्यांनी हे उचलू नये: श्वास लवकर संपतो.

हेडफोन लावूनच ऐका. लहान स्पीकरवर तिचे हळुवार स्वर हरवतात.