‘गोल्डन लोच’ म्हणून भलताच मासा गळ्यात मारला

लोच, म्हणजे टाकीच्या तळाशी राहणारा शोभेचा मासा, विकत घेताना आधी मिशा बघा. तोंडाभोवती मिशाच नसतील, तर दुकानदार काहीही सांगो, तो लोच नाही.

माझ्याकडे यो-यो लोचांचा घोळका आहे. त्यातला एक दगावला, म्हणून जोडीला नवा आणायला गेले. यो-यो नव्हते. दुकानदाराने बोटाएवढा, पिवळाधमक मासा दाखवला. “गोल्डन लोच. तुमच्याच माशांच्या खानदानातला, लगेच मिसळेल. एकदम गरीब, शेवाळ खातो, याच्यापेक्षा मोठा होत नाही.” टाकीत एंजल मासेही आहेत, चालेल ना, हेही मी मुद्दाम विचारलं. “बिनधास्त सोडा,” म्हणाला.

तो निघाला चायनीज अल्गी ईटर. बाजारात त्याला ‘सकिंग लोच’ म्हणतात, पण खऱ्या लोचांना मिशांच्या किमान तीन जोड्या असतात. याला एकही नाही, तोंडाच्या जागी चोखणी. हा मासा पाव मीटरपर्यंत वाढतो. लहानपणी शेवाळ खातो हे खरं, मोठा झाला की त्यातला रस कमी होतो आणि अंगात दांडगाई येते.

सुरुवातीला त्याने काच लखलखीत केली. मग टाकीत लपायला ठेवलेल्या मडक्याच्या तोंडाशी ठाण मांडून यो-योंना हुसकावू लागला. यो-यो आपसात भांडतात, ते मी रोज बघते. दोघं अंगाला अंग लावून गोल फिरतात, काळे पट्टे फिके पडून अंग राखाडी होतं, एक माघार घेतो आणि थोड्या वेळाने दोघं त्याच मडक्यात एकमेकांवर रेलून पडलेले असतात. घोळक्यात कोण वरचढ हे ठरवायचं, एवढ्यासाठीच ते भांडण. याला घोळका नकोच होता, सगळा तळ एकट्याला हवा होता.

एका सकाळी तो एंजलच्या कुशीला चिकटलेला दिसला. एंजल अंग झटकत टाकीभर पळत होता आणि हा सुटेना. सुटला तेव्हा तिथला चिकट थर गेलेला आणि खाली लालसर गोल चट्टा. तो थर गेला की जखमेला बुरशी लागायला वेळ लागत नाही.

दुकानदार म्हणाला, “सगळे लोच असेच दांडगट असतात. एकटा आहे म्हणून करतो, अजून दोन न्या.” याचा मला खरा राग आला. एकटा ठेवलेला लोच बुजतो किंवा चिडका होतो, म्हणून लोच पाच-सहा तरी लागतात, हे खरंच आहे. तेच सत्य वापरून तो मला आणखी दोन हल्लेखोर विकू पाहत होता. मासा परत घेतला नाही. त्याला वेगळी टाकी द्यावी लागली. मुक्या जिवाचा यात काय दोष?

असेच गळ्यात मारले जाणारे आणखी दोन. क्लाऊन लोचचं पिल्लू ‘छोट्या टाकीत एक पुरे’ म्हणून देतात. तो वीस सेंटिमीटरच्या पुढे जातो, वीस वर्षंही जगतो आणि त्यालाही घोळका लागतो. दुसरा स्कंक लोच. हा खरा लोच, आकारानेही लहान, पण संथ माशांचे पर कुरतडतो. शांत सोबतीच हवे असतील तर कुहली लोच बघा.

आणि बिलावर माशाचं शास्त्रीय नाव लिहून मागा. माझ्या बिलावर नुसतं ‘मासा – १’ होतं, त्यामुळे त्याने लोच म्हणून विकला हे मला दाखवताच आलं नाही.