पेटी शहापुरात द्या, पण तारीख चार दिवस आधीची सांगा

बेळगावच्या कॅम्पातल्या आमच्या चर्चच्या तरुण गायकांबरोबर मी पेटी वाजवते. पोरं सोळा, सगळी चौदा ते बावीस वर्षांची. यंदा सर्वधर्म समूहगानात नाव दिलं आणि पहिल्याच तालमीत पेटीचं आणि कीबोर्डचं बिनसलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं (१८६१–१९१९) भजन पेटी-झांजेवर, लगेच पुढचं चार आवाजांतलं गाणं कीबोर्डवर. कीबोर्डची पांढरी सहा (सहावी पांढरी पट्टी) ४४० हर्ट्‌झवर, आमची पेटी जरा चढी. दुसरं गाणं सुरू झालं की आल्टोच्या (मुलींच्या खालच्या आवाजाच्या) पोरी एकमेकींची तोंडं बघायच्या.

आधी एका दुकानात पेटी दिली होती. पॉलिश सुरेख करून मिळालं. सूर होता तिथंच.

मग शहापुरातल्या या पेटी दुरुस्त करणाऱ्या मामांकडे गेले. दुकान म्हणजे एक खोली, पाटीवरची अक्षरं उडालेली. मामांनी पेटी उघडली नाही. भाता भरला, एकही पट्टी न दाबता नुसते बघत बसले. भाता आपोआप बसत गेला. "हवा सोडतंय की हो हे! पट्ट्या अडकतात ते पावसानं, लाकूड फुगलंय. पण गाणार कशासंगं?" कीबोर्ड म्हटल्यावर म्हणाले, "मग तोच आणा. मोबाइलच्या सूर दाखवणाऱ्या काट्यावर मी सूर लावत नाही."

दुसऱ्या दिवशी स्कूटरवर, मागे बसलेल्या भावाच्या मांडीवर आडवा कीबोर्ड. गोवावेसच्या रहदारीत लोक वळून बघत होते.

काम बघण्यासारखं. आमची पेटी साडेतीन सप्तकांची, पट्ट्या ४२, प्रत्येक पट्टीला खर्ज (खालचा) आणि नर (वरचा) असे दोन धरून सूर ८४. प्रत्येक सूर कीबोर्डबरोबर वाजवायचा. जुळत नसेल तर आवाजाला लाट येते, वांव-वांव. पितळी जीभ टोकाकडे खरवडली की सूर चढतो, बुडाशी खरवडली की उतरतो. आमचे बहुतेक बुडाशीच खरवडावे लागले. लाट थांबेपर्यंत मामा सोडत नाहीत. मधेच गिऱ्हाइकाशी कन्नडात बोलणार, माझ्याशी मराठीत, आणि कान पेटीत.

भात्याच्या कातड्यासकट १८०० रुपये घेतले. मला जास्त वाटले नाहीत.

तक्रार एकच, पण मोठी. बुधवारी देतो म्हणाले, मी तीन खेपा घातल्या. रविवारी संध्याकाळी कार्यक्रम, आणि पेटी हातात पडली शनिवारी रात्री नऊला. पोरांना एकच तालीम मिळाली, तीही रविवारी उपासनेनंतर, उपाशीपोटी. बांधून द्यायला मामांकडे काही नसतं, तेव्हा घरून पेटारा किंवा जाड चादर न्या.

कार्यक्रमात भजनातून गाण्यात जाताना या वेळी कुणी कुणाकडे बघितलं नाही. टेनरची (मुलांच्या वरच्या आवाजाची) पोरं दुसऱ्या कडव्यात घाईनं पुढे गेली, त्याला पेटी काय करणार! शेवटचं गाणं सगळ्या गटांनी मिळून म्हणायचं होतं. बसवण्णांची वचनं गाणाऱ्या गटाची पेटी आमच्याहून चढी निघाली. त्यांच्या काकांनी दोन ओळी ऐकल्या, गुपचूप आपला भाता मिटला आणि टाळ घेतले. उतरल्यावर पहिला प्रश्न, "कुणाकडं लावून घेतलीसा?" त्यांना पत्ता सांगितला, म्हटलं इथंही लिहावं.

पाचपैकी चार तारे. खर्जातली एक पट्टी अजून टक् वाजते. मामा म्हणालेत, बुधवारी घेऊन या.