तारखेनुसार थंडीचा विक्रम: हवामान विभागाच्या मोफत ग्रिड फाइल्स कितपत कामाच्या?

पुण्याचं जानेवारीतलं नीचांकी तापमान १.७ अंश, १७ जानेवारी १९३५. हे लगेच सापडतं, कारण हवामान विभागाच्या तक्त्यांत प्रत्येक केंद्राचा महिन्याचा नीचांक तारीख-सालासह दिलेला असतो. पण महिन्याला आकडा एकच. १८ किंवा २३ जानेवारीचा विक्रम हवा असेल तर दैनंदिन नोंदी स्वतःच चाळाव्या लागतात. त्यासाठी फुकट आणि सहज मिळणारी गोष्ट म्हणजे पुणे कार्यालयाच्या (आपल्या सिमला ऑफिसच्या) संकेतस्थळावरच्या किमान तापमानाच्या ग्रिड फाइल्स, म्हणजे नकाशावर आखलेल्या जाळीच्या प्रत्येक बिंदूसाठी रोजचा एक आकडा.

१९५१ पासून दर वर्षाची एक फाइल. एक अंशाची जाळी, रेखांश ६७.५ ते ९७.५ पूर्व, अक्षांश ७.५ ते ३७.५ उत्तर, म्हणजे दिवसाला ३१ गुणिले ३१, एकूण ९६१ आकडे. फाइल बायनरी (मजकूर नव्हे, थेट संगणकाच्या भाषेतले आकडे) असल्याने एक्सेलमध्ये टाकून उपयोग नाही. प्रत्येक आकडा ४ बाइटचा, म्हणून एक दिवस ३,८४४ बाइटचा आणि ३६५ दिवसांची फाइल १४,०३,०६० बाइटची. लीप वर्षाची १४,०६,९०४ भरते. डाउनलोड झाल्यावर आधी हा आकार ताडून पाहा. फाइल अर्धवट उतरली असेल तर तिथेच कळतं, नाहीतर डिसेंबर गायब आणि पत्ताच नाही.

वाचायला पायथन या संगणकभाषेतली आयएमडीलिब ही तयार लायब्ररी सोयीची. हाताने वाचायचं तर आकडे दक्षिणेकडून उत्तरेकडे आणि प्रत्येक ओळीत पश्चिमेकडून पूर्वेकडे येतात. उदाहरणार्थ, नागपूरचं २९ डिसेंबर २०१८ चं तापमान हवंय. तो वर्षाचा ३६३ वा दिवस, म्हणून आधीच्या ३६२ दिवसांचे १३,९१,५२८ बाइट सोडायचे. नागपूरला सर्वांत जवळचा बिंदू २१.५ उत्तर, ७९.५ पूर्व. तो त्या दिवसाच्या गठ्ठ्यात शून्यापासून मोजत ४४६ वा.

इथे दोन ठिकाणी हमखास घसरायला होतं. पहिलं म्हणजे लीप वर्ष. "३६३ वा दिवस" असा निकष सगळ्या वर्षांना लावला की लीप वर्षांत २८ डिसेंबर हाती येतो. जानेवारीच्या तारखांना हा त्रास नाही, त्यामुळे चाचणी जानेवारीवर घेतली तर चूक लपूनच राहते. वर्ष सुटं, तारीख सुटी, अशी निवड करा. दुसरं म्हणजे ९९.९. माहिती नसलेल्या जागी हा आकडा भरलेला असतो. "९९.९ च्या बरोबर असेल तर वगळ" अशी अट अनेकदा चालत नाही, कारण ४ बाइटच्या दशांशात तो नेमका ९९.९ राहत नाही. "९० पेक्षा जास्त ते वगळ" म्हणा. नीचांक काढताना ही घाण दिसतही नाही. सरासरी काढली की ३० अंशांची डिसेंबरची पहाट समोर येते.

आता मुख्य तक्रार, आणि ती फाइलपेक्षा वापरणाऱ्यांबद्दल जास्त आहे. ग्रिडमधला आकडा कुठल्याही तापमापीवर वाचलेला नसतो. आजूबाजूच्या केंद्रांच्या नोंदींना अंतरानुसार वजन देऊन तो काढलेला असतो. पुण्याच्या अक्षांशावर एक चौकट साधारण १११ गुणिले १०५ किलोमीटरची होते. शिवाजीनगरला सर्वांत जवळचा बिंदू १८.५ उत्तर, ७३.५ पूर्व, नकाशावर बोट ठेवलंत तर ते मुळशी-ताम्हिणीच्या डोंगरात पडतं. सांताक्रूझचा जवळचा बिंदू १९.५ उत्तर, ७२.५ पूर्व, तो तर चक्क समुद्रात. सांताक्रूझची २२ जानेवारी १९६२ ची ७.४ अंशांची नोंद इथे शोधू नका. नागपूरचे २९ डिसेंबर २०१८ चे ३.५ अंशही जसेच्या तसे मिळायचे नाहीत, कारण शेजारच्या केंद्रांत मिसळल्यावर टोक बोथट होतं. पुण्याचे १.७ अंश तर १९५१ च्या आधीचे, ते या संचात असणारच नाहीत. अशा फाइलवरून "७० वर्षांचा विक्रम मोडला" असा मथळा देणं म्हणजे निव्वळ धूळफेक.

मग उपयोग कशाला? विदर्भात किंवा मध्य महाराष्ट्रात अमुक तारखेच्या आसपास थंडी कोणत्या वर्षी जोरात होती, हे पाहायला संच उत्तम आहे. सगळीकडे एकच पद्धत, मधे खंड नाही, वर्षावर्षांची तुलना करता येते. एका तारखेऐवजी तिच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन दिवस धरा, चित्र स्पष्ट होतं. द्राक्ष-कांद्याच्या हंगामाचा अभ्यास करणाऱ्यांना एवढं पुरतं. थंडीची लाट होती का, हे मात्र यावरून ठरवू नका. मैदानी भागात किमान १० अंश किंवा खाली आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी घट, हा निकष केंद्रावरच्या नोंदीला लावायचा असतो.

पावसाच्या फाइल्स सोबत घेत असाल तर तारखेचं भान ठेवा. २९ तारखेच्या नावावरचा पाऊस हा २८ च्या सकाळी साडेआठपासून २९ च्या साडेआठपर्यंतचा असतो, म्हणजे बहुतेक आदल्या दिवशीचाच. २९ चं किमान तापमान मात्र २९ च्या पहाटेचंच. दोन्ही एका ओळीत मांडलेत तर ढगाळ रात्रीचा आणि उबदार पहाटेचा संबंध चुकीच्या दिवसाला चिकटतो.

खरा तारीखनिहाय विक्रम हवाच असेल तर याच कार्यालयाच्या राष्ट्रीय विदा (डेटा) केंद्राकडे केंद्राच्या दैनंदिन नोंदी मागा. अर्जात नुसतं "पुणे" लिहू नका. शिवाजीनगर, पाषाण की लोहगाव ते स्पष्ट लिहा. तिन्हींचे आकडे एका यादीत मिसळले तर निघालेला विक्रम पुण्यातल्या कुठल्याच जागेचा राहत नाही.