अक्षरांवरून इंग्रजी शब्द शोधणारे ॲप : आठ महिन्यांच्या वापरानंतर

बेळगावातील वडगावात घराच्या माडीवर मी मराठी माध्यमातील सातवी-आठवीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेतो. गेल्या वर्षी साड्यांच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून आम्ही स्क्रॅबलच्या, म्हणजे इंग्रजी अक्षरे जुळवून शब्द मांडण्याच्या खेळाच्या, १०० सोंगट्या तयार केल्या. ई बारा, ए आणि आय प्रत्येकी नऊ, क्यू आणि झेड एकेकच, शिवाय दोन कोऱ्या, असा खेळातला मूळ हिशेब आम्ही जसाच्या तसा ठेवला. सोंगट्या तयार झाल्या आणि भांडणे सुरू झाली. मांडलेला शब्द खरोखर शब्द आहे की नाही, याचा निवाडा माझ्याकडे येई आणि दर वेळी मला खात्री असेच असे नाही. म्हणून जूनमध्ये, शाळा सुरू होताच, दिलेल्या अक्षरांतून शब्द शोधून देणारे एक ॲप मी फोनवर घेतले.

त्याचा वेग पहिल्या दिवसापासून चकित करणारा वाटला. सात वेगवेगळी अक्षरे ५,०४० प्रकारांनी मांडता येतात. हे सगळे क्रम तपासत बसण्याऐवजी अशा ॲपना एक सोपी युक्ती वापरता येते : यादीतल्या प्रत्येक शब्दाची अक्षरे आधीच वर्णक्रमाने लावून ठेवायची. लिसन या शब्दाची अक्षरे तशी लावली की ई-आय-एल-एन-एस-टी असा क्रम मिळतो आणि सायलेंट, एनलिस्ट, इनलेट्स, टिन्सेल यांचाही नेमका तोच क्रम येतो. मग शोध घेणे म्हणजे एकाच खणात ठेवलेले शब्द बाहेर काढणे. यादी फोनमध्येच साठवलेली असल्यामुळे इंटरनेट लागत नाही. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही गेले तरी वर्ग अडला नाही.

लिसन आणि सायलेंट यांची अक्षरे एकच आहेत, हे मुलांना काही केल्या पटेना. आपल्याकडे लिहिलेले अक्षर सहसा उच्चारले जाते आणि वेलांटी अक्षराला धरूनच राहते, त्यामुळे शब्दाची अक्षरे सुटी करून दुसरीकडे लावायची ही कल्पनाच त्यांना नवी होती. शेवटी सोंगट्या समोर मांडून त्याच हलवून दाखवल्या, तेव्हा मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, "लिसनमध्ये टी गप्प बसतंय की, सर, आणि सायलेंटमध्ये बोलतंय!" त्या दिवसापासून लिसनचे स्पेलिंग वर्गात कोणी चुकलेले नाही.

आता तक्रारीकडे येतो. 'ही अक्षरे असलेले शब्द' या मागणीचे तीन वेगळे अर्थ होतात. ए, आर आणि टी ही तीन अक्षरे घ्या. फक्त त्यांच्यातूनच शब्द करायचा असेल तर आर्ट, रॅट, टार मिळतात. ती तिन्ही कुठेही, कोणत्याही क्रमाने असलेली चालत असतील तर वॉटर आणि ट्रेड हेही बसतात. ती याच क्रमाने सलग हवी असतील तर पार्टी, स्टार्ट, हार्ट उरतात. ॲपमध्ये या तिन्हींची सोय आहे, पण ती एका बारीक चिन्हाखाली दडलेली आहे आणि ॲप प्रत्येक वेळी पहिल्याच प्रकारावर उघडते. पहिला महिनाभर मी वॉटर का दिसत नाही म्हणून ॲपलाच दोष देत होतो. दुसऱ्या प्रकारात मात्र खरी चूक आहे : एकच अक्षर दोनदा लिहिले तरी ते एकदाच मोजले जाते, त्यामुळे दोन ओ असलेले शब्द मागितले तर एकच ओ असलेल्यांचीही रांग लागते. पहिल्या प्रकारात ही मोजणी बरोबर होते.

ती बरोबर होते याची परीक्षा आम्ही गावाच्या नावावरच घेतली. बेळगावच्या जुन्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये सातच अक्षरे, म्हणजे स्क्रॅबलमध्ये एका खेळाडूच्या हाती असतात तेवढीच. त्यातून अल्बम, ब्लेम, बेलुगा हा देवमासा आणि गॅम्बल, म्हणजे जुगार, हे शब्द निघाले. १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत झालेल्या 'बेळगावी' या नव्या नावात यू आणि एम गेले, आणखी एक ए आला आणि व्ही व आय यांची भर पडली. साहजिकच जुगार आणि अल्बम गेले; अलाइव्ह, ॲजाइल, व्हायबल आणि न्यायाधीशाच्या हातोड्यासाठीचा गॅव्हल आले. गेव्हिअल, म्हणजे सुसर, या शब्दाला दोन ए लागतात. तो फक्त नव्या नावात दिसला, जुन्यात दिसला नाही. नावाच्या बदलावर आणखी बरीच चर्चा होऊ शकली असती, पण तास इंग्रजीचा होता.

अर्थ न देणे हा या ॲपचा सर्वांत मोठा दोष मला वाटतो. त्याची यादी स्क्रॅबल खेळणाऱ्यांच्या सोयीची आहे. अशा याद्या प्रचंड असतात; कॉलिन्स या प्रकाशनाच्या २०१९ च्या यादीत २,७९,४९६ शब्द आहेत. क्यू आणि आय एवढ्या दोनच अक्षरांचा शब्द त्यात बसतो. त्याचा उच्चार ची असा होतो आणि चिनी विचारातील प्राणशक्ती असा त्याचा अर्थ आहे, हे मला शब्दकोशात शोधावे लागले. रोजच्या वापरातील शब्द वर आणि असे दुर्मीळ शब्द खाली अशी मांडणी असती, तर आठवीतल्या मुलाला ती यादी वाचता आली असती. सध्या यादी फक्त लांबीप्रमाणे लागते.

जाहिराती बंद करण्यासाठी मी एकदा पैसे भरले होते. दिवाळीत फोन बदलला आणि जाहिराती परत आल्या. पावती जोडून दोन मेल पाठवले, उत्तर आले नाही. पुन्हा पैसे भरणार नाही, पण ॲपही काढलेले नाही. फोन कपाटात राहतो. मुले आधी दहा मिनिटे पाटीवर स्वतः शब्द काढतात, मग मी यादी उघडतो आणि त्यांच्या पाटीवर नसलेल्यांपैकी फक्त पाच शब्द फळ्यावर घेतो. परवा एकीच्या पाटीवर ब्यूगल होता, म्हणजे बिगुल. जुन्या बेळगावातलाच शब्द, आणि फळ्यावर तो मी लिहायचा राहिला होता.