टोलनाका घ्यावा की फँटास्टिका?

सेमी-इंग्लिशला सहावी-सातवीत असलेल्या मुलासाठी मे महिन्याच्या सुट्टीत 'द फँटम टोलबूथ' आणावं की 'द नेव्हरएंडिंग स्टोरी', असं साताऱ्यात ओळखीतले पालक विचारतात. संध्याकाळी पोराशेजारी बसायला अर्धा तास मिळत असेल तर पहिलं घ्या. नसेल तर दुसरं.

'टोलबूथ' १९६१ चं, लेखक नॉर्टन जस्टर, पेशानं आर्किटेक्ट. मायलो नावाच्या कंटाळलेल्या पोराच्या घरी एक खोकं येतं. आत टोलनाका, सुटे भाग जोडून उभा करायचा. आपली छोटी गाडी त्यातून काढली की पलीकडं वेगळाच मुलूख. आनेवाडीच्या टोलनाक्यावर रांगेत ताटकळलेल्या आपल्या पोरांना हे लगेच पटतं. पुढं शब्दांच्या नगरीत मात्र निम्मी गंमत इंग्रजी वाक्प्रचारांवर उभी आहे. तिथं समजावणारं कुणी नसलं की पुस्तक मिटलंच म्हणून समजा. आकड्यांच्या राज्यात भाषा आडवी येत नाही. तिथं वजाबाकीचं कालवण मिळतं, जितकं खाल तितकी भूक वाढते! एक मुलगा भेटतो, तो अर्ध्याहून थोडाच जास्त. सरासरी कुटुंबात २.५८ मुलं असतात, त्यातला .५८ म्हणजे तो. अशा कुटुंबाकडं १.३ गाड्या असतात आणि त्यातली .३ गाडी चालवणारा तोच एकटा. दशांश शिकवायला याहून चांगलं काही माझ्या बघण्यात नाही.

'द नेव्हरएंडिंग स्टोरी' ही मिशाएल एंडे यांची जर्मन कादंबरी, १९७९ ची. इंग्रजीतही ती अनुवादच, त्यामुळं शब्दखेळांवर फारसं अडत नाही. बास्टियन नावाचा मुलगा दुकानातून पुस्तक पळवतो, शाळेच्या माळ्यावर लपून वाचतो आणि वाचता वाचता त्या पुस्तकातल्याच मुलखात, फँटास्टिकात, जाऊन पोचतो. तिथं प्रत्येक इच्छा पुरी होते, पण दर इच्छेमागं घरची एक आठवण पुसली जाते. (पुढचं सांगत नाही.) उत्तरार्धात बास्टियन चांगलाच चढेल होतो आणि काही मुलं तिथं कंटाळतात. मला तोच भाग जास्त आवडतो. १९८४ चा सिनेमा पूर्वार्धावरच थांबतो, त्यामुळं तो पाहिलेल्या मुलालाही पुस्तकात नवं बरंच सापडेल.

घेताना पान उघडून बघा. मूळ पुस्तकात बास्टियनचं जग आणि फँटास्टिका दोन वेगळ्या रंगांत छापलेत; काही आवृत्त्यांत नुसता तिरपा टाइप असतो. रंगीत मिळाली तर तीच घ्या.